शाळेतले आत्महत्या प्रतिबंधाचे कार्यक्रम : खरंच उपयोग होतो का?

पालवी
सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगी नववीत आहे आणि मी पालक-शिक्षक संघात आहे. (पहिल्या सभेला उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी माझं नाव घालून टाकलं होतं.) परवाच्या सभेत मुख्याध्यापिका बाईंनी एक पत्रक वाचून दाखवलं. एक वक्ते येणार, 'विद्यार्थी आत्महत्या प्रतिबंध प्रेरणा शिबिर' घेणार. आठवी ते दहावी सगळे सभागृहात, अडीच तास, शेवटी सामूहिक शपथ. मानधन पंचवीस हजार. गेल्या वर्षी शेजारच्या गावातला एक मुलगा गेला, तेव्हापासून सगळेच घाबरलेले आहेत.

सभेत तीन तट पडले. पहिला म्हणे लगेच ठरवून टाका. दुसरा म्हणे हा विषयच शाळेत नको, नसतं खूळ पोरांच्या डोक्यात शिरायचं. तिसरं मत एका आजोबांचं, की तेवढ्या पैशात मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं बसवा. खरं सांगू, मला आजोबांचंच जास्त पटलं, पण ते बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी पुन्हा सभा आहे. या विषयावर कुणी नीट अभ्यास केलाय का? शाळेत काय केल्याने फरक पडतो? आणि बोलल्याने खूळ शिरतं हे खरं का?

संपादक
सोमवार, रात्री १०:४०

धागा महत्त्वाचा आहे म्हणून चालू ठेवतोय. कुणी काय केलं, कसं केलं, याचे तपशील लिहू नयेत. तसे प्रतिसाद न विचारता उडवले जातील. वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी आत्ता बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लहान मुलांसाठी १०९८.

बंडू बोरिवलीकर
सोमवार, रात्री १०:५८

शपथ कसली देणार? 'भारत माझा देश आहे'च्या चालीवर 'मी कधीही निराश होणार नाही'? आमच्या कंपनीत दर जानेवारीला अशी एक घेतात. फेब्रुवारीत निम्मे राजीनामे.

आकडेमोड
सोमवार, रात्री ११:३०

पालवी, अभ्यास झालाय, आणि चांगला झालाय. माझा धंदा संख्याशास्त्राचा, मानसशास्त्राचा नाही, तेव्हा तेवढं मीठ टाकून वाचा.

युरोपात दहा देशांतल्या १६८ शाळा घेतल्या, ११,११० मुलं, साधारण पंधरा वर्षांची. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या डॅनुटा वासरमन यांनी नेतृत्व केलं, निकाल 'लॅन्सेट'मध्ये २०१५ साली आला. चिठ्ठ्या टाकून शाळांचे चार गट पाडले. एका गटात शिक्षकांना प्रशिक्षण : मुलांमधली धोक्याची लक्षणं ओळखा, विचारा, मदतीपर्यंत पोचवा. दुसऱ्यात प्रश्नावली भरून घेतली आणि ज्यांचे गुण धोक्याचे त्यांना तज्ज्ञांकडे धाडलं. तिसऱ्यात थेट मुलांबरोबर काम, चार आठवड्यांत मिळून पाच तास. त्यातले तीन तास मुलं स्वतः प्रसंग उभे करून नाटुकली करतात. याला 'याम' म्हणतात. चौथ्या गटात भिंतीवर नुसती पोस्टर्स.

तीन महिन्यांनी चारही गट सारखेच. इथेच थांबले असते तर 'काही उपयोग नाही' असं छापून आलं असतं. वर्षाने पुन्हा विचारलं. पोस्टरवाल्या गटात २,२५६ पैकी ३४ मुलांनी मधल्या काळात प्रयत्न केला होता, 'याम'च्या गटात १,९८७ पैकी १४ जणांनी. म्हणजे जवळपास निम्मे. जीव द्यायचे गंभीर विचारही तसेच निम्म्यावर. शिक्षक-प्रशिक्षण आणि प्रश्नावली या दोन्हींत पोस्टर्सपेक्षा ठाम म्हणावा असा फरक नाही.

आता बादलीभर थंड पाणी. एक प्रयत्न टाळायला साधारण १६७ मुलांना हा कार्यक्रम द्यावा लागतो असं त्यांचंच गणित. आणि मोजले ते प्रयत्न, मुलांनी स्वतः सांगितलेले. अभ्यासाच्या काळात चारही गटांत एकही मृत्यू झाला नाही, त्यामुळे 'मृत्यू कमी झाले' असं त्यावरून म्हणता येत नाही.

अडीच तास, तीन इयत्ता, एक माइक, एक शपथ : हे यात कुठेच बसत नाही.

पालवी
सोमवार, रात्री ११:४४

१६७ म्हणजे आमच्या शाळेत आठवी-नववी-दहावीची पटसंख्या साधारण सव्वातीनशे. म्हणजे दोन मुलं. मला तरी हे गणित महाग वाटत नाही.

खडूफळा
मंगळवार, सकाळी ६:५०

आकडेमोड साहेब, सकाळी सकाळी आमची लाज काढलीत. बावीस वर्षं माध्यमिकला शिकवतोय. म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणं फुकट?

एक सांगतो आणि प्रार्थनेला पळतो. गेल्या साली आमचंही प्रशिक्षण झालं. तालुक्याच्या गावी, सभागृहात दीडशे शिक्षक. लक्षणांची यादी पडद्यावर : मूल गप्प राहतं, चिडतं, अभ्यासात मागे पडतं, झोप कमी-जास्त, मित्र बदलतात. माझ्या शेजारचे मास्तर म्हणाले, 'ही तर माझ्या अख्ख्या नववी-ब ची हजेरी आहे.' हसलो आम्ही, पण खरं होतं. साठ पोरं वर्गात, त्यात कोण नुसतं चौदा वर्षांचं आहे आणि कोण आतून मोडलंय, हे यादीवरून कसं ओळखायचं?

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:१५

लाज नाही हो सर. तुमच्या बाजूचाही पुरावा आहे. अमेरिकेत २००४ च्या एका कायद्याने राज्यांना पैसे दिले, त्यातून शिक्षक, पालक, समाजात वावरणारी माणसं अशा हजारो लोकांना प्रशिक्षण मिळालं. नंतर तपासलं तर जिथे प्रशिक्षणं झाली तिथल्या सोळा ते तेवीस वयाच्या मुलांमध्ये पुढच्या वर्षी प्रयत्न कमी झाले होते, हजारामागे जवळपास पाच. मात्र वर्ष उलटल्यावर तो परिणाम दिसेनासा झाला. एकदा शिकवलं आणि प्रमाणपत्र भिंतीला लावलं, असं चालत नाही. दर वर्षी करावं लागतं.

सांगतीपुरते
मंगळवार, सकाळी १०:०५

बिहारचा दाखला कुणीच दिला नाही! गोव्याच्या 'संगाथ'ने नालंदा जिल्ह्यात केलेला, नाव 'सेहर'. तोही 'लॅन्सेट'मध्ये, २०१८. ७४ सरकारी शाळा. काही शाळांत स्थानिक तरुण नेमले, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण शिकवून तयार केलेले, त्यांचं नाव 'सेहर मित्र'. काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं. भित्तिपत्रक, स्पर्धा, एकेकट्याशी बोलणं, आणि मुलांना मनातलं लिहून टाकायला एक पेटी.

जिथे मित्र होते तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली. जिथे तेच शिक्षकांनी केलं तिथे फरक नाही. आत्महत्या हा त्यांच्या मोजणीचा मुख्य मुद्दा नव्हता, हे खरं. पण खडूफळा सरांच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. ज्याच्या हातात माझे वीस गुण आहेत त्याला मी काय म्हणून सांगू की मला जगावंसं वाटत नाही?

खडूफळा
मंगळवार, दुपारी १:२०

लागलं. पण खरं आहे.

पेटीवरून आठवलं. आमच्याकडे तक्रारपेटी होती, सरकारी पत्र आलं म्हणून कार्यालयाच्या दाराशी ठोकलेली. वर्षभरात दोन चिठ्ठ्या निघाल्या, एक खिचडीबद्दल आणि एक रिकामी. मग ग्रंथालयाच्या बाईंनी ती उचलून पाण्याच्या टाकीमागे नेली, जिथे कुणी बघत नाही. आठवड्यात एकोणीस चिठ्ठ्या. बहुतेक फालतू : अमका चिडवतो, तमक्या सरांना सांगा घाम पुसा. (ते तमके सर मीच.) एक मात्र वहीच्या पानाची, आठ घड्या घातलेली. एवढंच लिहिलेलं : 'घरी गेलं की पोटात दुखतं. शाळेत नाही दुखत.' नाव नाही. बाईंनी अक्षरावरून मुलगी ओळखली. तिच्याशी बोलणं झालं ते ग्रंथालयात, पुस्तकांना कव्हरं घालता घालता, समोरासमोर न बसता. त्या घरात काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. मुलगी आता बारावीला आहे.

तात्या हिंगणघाट
मंगळवार, दुपारी २:०२

सगळं वाचलं. आमच्या काळी बाप वेताची छडी मारायचा, मास्तर पट्टी मारायचे, नापास झालो की शेतात धाडायचे. कुणी जीव दिला नाही. आता पोराला 'अरे' म्हटलं की समुपदेशक. लाड जास्त झाले.

रानजाई
मंगळवार, दुपारी २:१५

तात्या, कुणी जीव दिला नाही की कुणी सांगितलं नाही? माझ्या आजोळच्या गावात एक विहीर होती, तिच्याकडे संध्याकाळी जायचं नाही असं आम्हाला सांगायचे. भूत आहे म्हणायचे. मोठी झाल्यावर कळलं भूत कोण होतं. सोळा वर्षांची होती.

तात्या हिंगणघाट
मंगळवार, दुपारी ३:३०

आमच्याकडेही होती तशी एक. बरं, मागे घेतो.

आकडेमोड
मंगळवार, दुपारी ४:००

तात्यांनी मागे घेतलं तरी आकडा ठेवून जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थी गेले, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. राज्यांत आपण पहिले. हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले. 'अपघात' म्हणून लिहून घेतलेले वेगळे.

बंडू बोरिवलीकर
मंगळवार, दुपारी ४:०६

तात्यांनी या संस्थळावर पहिल्यांदा काहीतरी मागे घेतलं. तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

डॉ निरगुडी
मंगळवार, रात्री ९:३०

पालवी, तुमचा तिसरा प्रश्न राहून गेला, बोलल्याने खूळ शिरतं का. मी बालरोग पाहते, मनोविकार नाही, पण किशोरवयीन मुलं माझ्याकडे रोज येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३०० वर मुलं घेऊन हे नेमकं तपासलंय, २००५ साली. निम्म्यांना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्यांमध्ये ना त्रास वाढला होता ना तसे विचार. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, ती विचारल्यावर थोडी कमी बेचैन दिसली. विचारणं म्हणजे कल्पना देणं नव्हे. ज्याच्या मनात आहे त्याच्याकडे ती आधीपासूनच आहे.

पण कसं विचारायचं, हा मराठीतला खरा पेच. घरोघरी आपण म्हणतो 'काही वेडंवाकडं नाही ना करणार?' त्या वाक्यात उत्तर भरूनच दिलंय. मूल 'नाही' म्हणतं आणि सुटतं. 'जिवाचं बरंवाईट' म्हटलं की पेपरातली बातमी वाटते. मी बऱ्याच चुका करून एका वाक्यावर आले : 'कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?' हो म्हणालं तर पुढे : 'जीव द्यायचा विचार येतो का?' सरळ, आवाज न बदलता, आई बाहेर बसलेली असताना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझाच घसा सुकला होता. पोरगं शांत होतं. म्हणालं, 'कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.'

आणि हो म्हणाल्यावर लगेच 'आईबाबांचा विचार कर' नको. त्याने तो केलेला असतो.

कोथरूडची काकू
मंगळवार, रात्री ९:५२

डॉक्टर, हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. नवरा विचारतोय कुणासाठी. म्हटलं आधी तुम्हीच उत्तर द्या.

स्टॉकहोमची सई
बुधवार, पहाटे ३:१०

आकडेमोड यांनी लिहिलेला 'याम' आमच्या लेकीच्या शाळेत झाला, म्हणून लिहिते.

शाळेचे शिक्षक घेत नाहीत, बाहेरून दोघं येतात. पहिल्या दिवशी पुस्तिका दिली, वर्गात सहा पोस्टर्स लागली, आणि बाकं बाजूला सारून गोल बसवलं. मग मुलांनाच प्रसंग सुचवायला सांगितलं. लेकीच्या गटाने घेतलेला प्रसंग : मैत्रीण रात्री दीड वाजता संदेश पाठवते, 'कुणाला सांगू नको', तू काय करशील? आधी मुलींनी सांगायचं नाही असा खेळ केला. मग तोच प्रसंग पुन्हा, दुसऱ्या शेवटाने. लेक घरी येऊन म्हणाली, 'आई, दुसऱ्या वेळी आम्ही कुणाला सांगायचं यावर भांडत बसलो, कारण कुणालाच एक मोठं माणूस सुचेना.' तो तास त्यातच गेला. शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं नाही, भांडू दिलं.

मला आधी वाटलं हे काय, पैसे घेऊन नाटकं. पण त्या रात्री तिने मला विचारलं, 'तुला सांगितलं तर तू ओरडशील का?' अजून काही सांगितलेलं नाही तिने. विचारून ठेवलंय फक्त.

मेलबर्न मामा
बुधवार, सकाळी ७:२०

सगळे वाहवत चाललेत, म्हणून उलटा सूर लावतो. शाळेत सगळ्यांना सरसकट मन-शिक्षण देणं निरुपद्रवी असतं, हे चूक आहे.

ब्रिटनमध्ये ८४ शाळांत सजगता-ध्यान शिकवून पाहिलं, आठ हजारांवर मुलं. निकाल २०२२ ला आला : नेहमीच्या शिकवण्यापेक्षा फायदा शून्य. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, अनेकांना कंटाळा आला. ज्यांना आधीच धोका होता त्यातल्या काहींना उलट जड गेलं. आमच्या ऑस्ट्रेलियात हजारेक मुलांना भावना सांभाळायची कौशल्यं आठ आठवडे शिकवली, रुग्णांवर उत्तम चालणारी उपचारपद्धत सोपी करून. लगेच नंतर पाहिलं तर त्या मुलांचं आईबापांशी नातं बिघडलेलं, चिंता वाढलेली. सहा महिन्यांनी बरंचसं निवळलं, आईबापांचं मात्र तेवढं नाही.

औषधाला दुष्परिणाम असतो हे मान्य करता, मग व्याख्यानाला का नको?

सांगतीपुरते
बुधवार, सकाळी ८:००

मामा, मुद्दा रास्त. पण ते ध्यान आणि ती कौशल्यं मोठ्यांनी ठरवून मुलांच्या गळी उतरवलेली. 'याम'मध्ये प्रसंग मुलांचा, शेवट मुलांचा. फरक तिथे असावा असं मला वाटतं.

मेलबर्न मामा
बुधवार, सकाळी ८:३५

असावा. 'असावा'वर पंचवीस हजार घालायचे की नाही ते पालवीने ठरवावं.

जुनाच आयडी नवा
बुधवार, रात्री ११:४८

नेहमीच्या नावाने लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

१९९८. बारावी, लातूर, खोलीत तिघं. चाचणीत सलग तिसऱ्यांदा तळाला. मी ठरवलं होतं. काय ते लिहीत नाही. त्या दिवशी मी माझा कॅल्क्युलेटर खोलीतल्या एकाला देऊन टाकला. कॅसिओचा, बापाने दोन क्विंटल सोयाबीन विकून आणलेला. म्हटलं मला नको, तू वापर. तो काही बोलला नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाला, 'तुझ्याकडे तो एकच आहे. मग मला का दिलास?'

मी सांगितलं. आधी शपथ घातली, आईची, की कुणाला बोलणार नाहीस. त्याने घेतली. रात्रभर जागा राहिला, मला झोप लागल्यावरही. सकाळी साडेपाचला मेसवाल्या काकूंना जाऊन सांगितलं. काकूंनी पीसीओवरून माझ्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. बाप दुपारच्या एसटीने आला, पायात शेतातल्याच चपला. गुणांबद्दल एक अक्षर बोलला नाही. काकूंकडे जेवलो दोघं. म्हणाला, 'चल, पेरणीला माणूस कमी आहे.' मी दोन महिने गावी होतो. पुढच्या वर्षी परीक्षा दिली.

त्या मित्राशी मी वर्षभर बोललो नाही, शपथ मोडली म्हणून. आता त्याच्या मुलीचा मी नावाचा मामा आहे. कॅल्क्युलेटर अजून त्याच्याकडेच आहे, परत मागितला तर देत नाही.

शाळेत एकच शिकवता आलं तर ही शपथ मोडायला शिकवा.

डॉ निरगुडी
गुरुवार, सकाळी ७:०५

लिहिल्याबद्दल आभार. जपून ठेवलेली, आवडती वस्तू अचानक देऊन टाकणं हे खूण म्हणून खरंच ओळखलं जातं, आणि तुमच्या मित्राला ते कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय दिसलं. अमेरिकेत एक जुना शालेय कार्यक्रम आहे, त्याचा सगळा भर नेमका यावर : मित्रात खूण ओळख, त्याला जाणवू दे की तुला पर्वा आहे, आणि मोठ्या माणसाला सांग. पाच शाळांतल्या २,१०० मुलांवर २००४ साली तपासला, तीन महिन्यांत स्वतः सांगितलेले प्रयत्न ४० टक्क्यांनी कमी निघाले. मूल आधी मित्राला सांगतं, आईबापाला किंवा डॉक्टरला नाही. म्हणून मित्राला काय करायचं ते माहीत हवं.

बंडू बोरिवलीकर
गुरुवार, सकाळी ९:१०

इथे काही विनोद सुचत नाही. नावाच्या मामाला नमस्कार.

वऱ्हाडी कृषी केंद्र
गुरुवार, सकाळी ११:२५

संपादक, तपशील देत नाही, धोरणाचं बोलतो. माझं दुकानच त्या मालाचं आहे, म्हणून मला कळतं.

श्रीलंकेने १९९५ पासून एकेक करत सर्वात विषारी शेती औषधांवर बंदी घातली. वीस वर्षांत देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि शेती काही बुडाली नाही. तिथेच १८० गावांत ही औषधं ठेवायला घरोघरी कुलपाचे डबे वाटून पाहिले, त्याचा निकाल २०१७ ला आला : फरक नाही. कुलपाची किल्ली घरातच असते ना.

सोळा वर्षांच्या पोराचा राग दहा मिनिटांचा असतो. त्या दहा मिनिटांत हाताला काय लागतं त्यावर सगळं. तुम्ही शाळेत गोल बसा, जरूर बसा. पण आमच्याकडचं निम्मं उत्तर कृषी खात्यात आहे, शिक्षण खात्यात नाही.

आकडेमोड
गुरुवार, दुपारी १२:१०

शंभर टक्के. आणि दोन्ही एकत्र करून पाहणारेही आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या १२४ गावांत अभ्यास आखला : शाळेत 'याम', गावात शेती औषधं ठेवायची सामाईक जागा, आणि आरोग्यसेवकांना प्रशिक्षण.

कायद्याचा किडा
गुरुवार, दुपारी ३:००

पालवीताई, सभेत उपयोगी पडेल असं एक. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवाच. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. म्हणजे 'विषयच नको' हा पर्याय आता शाळेकडे उरलेला नाही.

खडूफळा
गुरुवार, सायंकाळी ६:१५

आमच्याकडे समुपदेशक आहे. कागदावर. कला शिक्षक. त्यांना सोमवारी आदेश निघाला, मंगळवारी शिक्का आला.

बंडू बोरिवलीकर
गुरुवार, सायंकाळी ६:२०

निदान चित्र तरी काढून देतील.

खडूफळा
गुरुवार, सायंकाळी ६:३८

हसू नका, आमच्या शाळेत पोरं सगळ्यात जास्त त्यांच्याशीच बोलतात. गुण त्यांच्या हातात नाहीत ना!

अजून एक, निकालाचं. चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांची 'स्नेहा' संस्था यांनी तमिळनाडूत लावून धरलं होतं की नापास मुलाचं वर्ष वाया जाऊ देऊ नका, लगेच फेरपरीक्षा घ्या. ते झालं, आणि तिथे नापास होऊन जीव देणाऱ्यांची संख्या उतरली. आपल्याकडे दहावीची फेरपरीक्षा आधी ऑक्टोबरात व्हायची, २०१५ पासून जुलैत आली. फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. पूर्वी निकालाच्या दिवशी नापास पोराला सांगायला माझ्याकडे 'हिंमत ठेव' एवढंच होतं. आता सांगतो, 'फॉर्म अमक्या तारखेपर्यंत, गणिताची तयारी मी घेतो, उद्या साडेसातला ये.' त्याला उद्या सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं. कुठल्याही शिबिरापेक्षा त्या साडेसातवर माझा जास्त भरवसा आहे.

तात्या हिंगणघाट
गुरुवार, रात्री ८:०५

गुरुजी, हे पटलं. आमच्या नातवाला पाठवू का साडेसातला?

रानजाई
शुक्रवार, सकाळी १०:००

धागा भरकटायच्या आत मूळ प्रश्नाकडे. पालवी, उद्या सभा ना? काय मांडणार?

पालवी
शनिवार, रात्री ९:२०

सभा झाली. सव्वा तास चालली, पोहे संपल्यावर अर्धे लोक गेले, म्हणून निर्णय होऊ शकला.

वक्त्यांचं पत्रक बाजूला ठेवलं. सरळ नाही म्हणायची वेळ आली नाही, कारण मी विचारलं की हे नंतर पुन्हा कधी येणार, आणि पत्रकात त्याचं उत्तरच नव्हतं. 'खूळ शिरेल'वाल्या गृहस्थांना डॉक्टरांनी लिहिलेला न्यूयॉर्कचा अभ्यास सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, 'अमेरिकेतली पोरं वेगळी.' मग काय वाटलं कोण जाणे, मी आयडी न सांगता कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली. (परवानगी न घेता, माफ करा.) ते गप्प झाले आणि म्हणाले, 'फक्त नववीपासून सुरू करा, आठवी लहान आहे.' यावर आम्ही तडजोड केली.

ठरलं ते असं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संस्थेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बाई येणार, एका वेळी एकच तुकडी, दर आठवड्याला एक तास, पाच आठवडे. त्यांचा स्वतःचा कार्यक्रम आहे, 'याम' नव्हे, पण गोल बसणं आणि प्रसंग करणं त्यातही आहे. वर्गात शिक्षक नसतील. यावर दोन सर रुसलेत. आधी पालकांची एक बैठक, त्यात डॉक्टरांचं वाक्य मी वाचून दाखवणार आहे. पुढच्या वर्षी हेच पुन्हा करायचं, हे इतिवृत्तात लिहून घेतलं. पेटी टाकीमागे जाणार. मानधन दोघींचं मिळून अठरा हजार. उरलेल्या सातात दोन दारं बसतात असं सुतार म्हणाला. आजोबांनी बाकीच्या एकाचे पैसे स्वतः देऊ केले.

मुलीला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, 'गोल बसवणार असाल तर मला आणि मृण्मयीला शेजारी बसवू नका, आमचं भांडण आहे.' कशावरून, ते विचारलं नाही. उद्या विचारेन.

मेलबर्न मामा
रविवार, सकाळी ६:४०

छान. सहा महिन्यांनी काय झालं ते इथेच येऊन लिहा, वाईट असलं तरी. ब्रिटनवाल्यांनी लिहिलं म्हणून आपल्याला कळलं.

जुनाच आयडी नवा
रविवार, सकाळी ९:१५

परवानगी दिली. मित्राला दाखवलं. म्हणतो, कॅल्क्युलेटर सोयाबीनचा नव्हता, तुरीचा होता. तुझ्या बापानेच मला सांगितलंय.

खडूफळा
रविवार, सकाळी १०:३०

पालवीताई, एक व्यवहाराचं. गोल बसायला बाकं भिंतीला लावावी लागतील, आणि तो तास संपला की पुढचा कुणाचा तरी असणारच. शिपाईमामांना आधी सांगून ठेवा आणि शक्यतो मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मागून घ्या. पोरं लगेच उठत नाहीत मग, रेंगाळतात थोडी.